ते देवालाही अजून ठाऊक नाही

उधना, सुरत
आषाढ संपत आला

तीर्थरूप सुभद्राताईंच्या पायांवर धाकट्या जावेचं, उज्ज्वलाचं, डोकं.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचे गुडघे काय म्हणतात? दोंडाईच्याला मिरच्यांचा खकाणा उडाला की भिकनदादांना ठसका लागायचा, तो आता कमी आहे ना? (पत्र यजमानांकडूनच वाचून घेणार असाल, तर त्यांनी ठसका आवरून, एकही ओळ न गाळता वाचावं. मागच्या वेळी त्यांनी अर्धं गाळलं होतं, हे मला कळलंय.)

आधी एक गोष्ट सांगून टाकते. सरस्वती आत्यांनी तुम्हांला फोन केला असेलच की उज्ज्वला बाटली. मी बाटलेली नाही. देवघरात दिवा लागतो, कानबाई मातेचं नारळ लाल फडक्यात जपून ठेवलंय, आणि श्रावणात तुम्ही तिच्या रोटांच्या प्रसादाला येता की नाही, या एका गोष्टीपाशी माझा जीव टांगलेला आहे. ‘गिरणीच्या पिठाचे रोट मी खाणार नाही’ म्हणून तुम्ही पिशवी उचलून निघालात, त्यानंतर आला नाहीत. बरोबर कोण आणि चूक कोण, ते आता राहू द्या. माणशी सव्वा मूठ गहू मोजताना तुमची मूठ मी एकदाही चुकवलेली नाही. घरच्या माणसाचा रोट बाहेर देता येत नाही, म्हणून मागच्या वर्षी ह्यांनी ‘वहिनींचा मान’ असं म्हणत तुमचा वाटा खाल्ला आणि दोन दिवस ओवा चघळत बसले.

आता बाटण्याचं प्रकरण. आमच्या वरच्या मजल्यावर प्रशांत सर आणि स्वाती म्हणून नगरकडचं एक जोडपं राहायला आलंय. एका रविवारी संध्याकाळी वरून टाळ्या आणि गाणी ऐकू आली. आपल्या खान्देशी माणसाला कुठे विचारायची सवय असते? गाणी ऐकू आली म्हणजे कुणीतरी माता बसवली. नारळ घ्यायचं, कुंकवाचा करंडा घ्यायचा आणि जाऊन बसायचं. मी तशीच गेले. बघते तर चौरंग नाही, माता नाही. एक पेटी, बिस्किटांची ताटली आणि स्टुलावर बायबल. आता मागे कसं फिरायचं? नारळ बायबलापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि बसले. कुणी हसलं नाही हो. स्वातीनं नारळ दोन्ही हातांनी उचलून आत नेलं. (पुढच्या रविवारी त्याचीच चटणी इडलीबरोबर आली. चांगली होती, मीठ कमी.)

आणि ताई, त्यांनी एक चाल सुरू केली, ती मला येत होती! भुसावळच्या कॉन्व्हेंटात सकाळच्या प्रार्थनेला आम्ही तीच म्हणायचो. शब्द गेले होते, पण गळ्याला चाल आठवत होती. मदरच्या झग्याला येणारा डांबराच्या गोळ्यांचा वास आला, खरंच आला. ही मदर बोट वर करून सांगायची की तुम्ही उद्या काय करणार, ते देवाला आजच माहीत आहे. मी विचारलं होतं, ‘उद्या माझं गणित चुकणार हे त्याला आज माहीत आहे, तर छडी मला का?’ तासभर वर्गाबाहेर उभी होते. उत्तर राहून गेलं ते गेलंच.

ते मी सरांना विचारलं. सर हजीऱ्याच्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहेत. ते म्हणाले, “मावशी, जे अजून ठरलंच नाही, ते देव आधीच कसं जाणेल? काय काय होऊ शकतं, ते सगळं त्याला दिसतं. त्यातलं चांगलं निवडा म्हणून तो मागे लागतो. मीसुद्धा रोज सांगतो, हेल्मेट घाला. घालणं माणसाच्या हातात. डोकं फुटलं तर ती देवाची इच्छा नसते, पण दवाखान्यात उशाशी तोच बसलेला असतो.” ताई, माझ्या अंगावर काटा आला! मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरले (गुडघ्यासकट) आणि ह्यांना सांगितलं की उद्या काय होणार, ते देवालाही ठाऊक नाही. हे टीव्हीवरून नजर न हलवता म्हणाले, “मंग तेले देव कसाले म्हणतस? तितकं तर मालेबी ठाऊक नही.”

प्रेमात बळजबरी नसते, म्हणून देव कुणावर बळजबरी करत नाही, असंही सर म्हणतात. मला इतकं पटलं की मी घरात हुकूम सोडणं बंद केलं. पाणी यायच्या वेळी फक्त गोडीनं म्हणाले, “कुणी मोटर लावली तर किती बरं होईल!” भूपेंद्र म्हणाला, “हो ना.” आमची सूनबाई चंचल म्हणाली, “हा मम्मी, साची वात.” आणि दोघं मोबाईल बघत बसले. टाकी कोरडी. संध्याकाळी चंचलनं डोक्याला शांपू लावला आणि नळानं खाकरून जीव सोडला. ती फेसासकट बाहेर येऊन ओरडली, “तुमचा देव बूम कां नथी पाडतो, मम्मी?” (ओरडून का सांगत नाही, असं तिचं म्हणणं.) त्या दिवशी मला देवाचे हाल कळले. अहो, तो रोज किती जणांना मोटर लावायला सुचवत असेल!

मागच्या रविवारी मी शेवटचं विचारलं. कुणी रुसून निघून गेलं, तर देवाला काही वाटतं का? सर म्हणाले, नातं म्हटलं की दोन्हीकडे दुखतंच. त्यालाही दुखतं, आणि माणूस परत आलं की त्यालाही आनंद होतो. मग तुम्ही याल का, ते मी विचारलंच नाही. उत्तर मला समजलं होतं. ते त्यालाही अजून ठाऊक नाही. ताई, ह्या घडीला अख्ख्या ब्रह्मांडात ते फक्त तुम्हांला एकटीला ठाऊक आहे. केवढा हा मान! पण घाई नाही, आग्रह तर मुळीच नाही.

तुमची वाट बघणारी,
उज्ज्वला

ता. क. सासूबाईंचं जातं माळ्यावरून खाली काढलंय. भूपेंद्रची पाठ धरली. एकटीनं दळून पाहिलं. जे निघालं त्याला पीठ म्हणता येणार नाही, भरडा म्हणता येईल. खुंट्याला दुसरा हात लागतो. एकटीच्यानं नाही होत.

ता. क. २ भिकनदादांशी माझं परवाच बोलणं झालंय. पिशवी भरून कपाटामागे ठेवली आहे त्यांनी. (दादा, ही ओळसुद्धा मोठ्यानं वाचा.)

ता. क. ३ तुम्हां दोघांचं गाडीचं तिकीट भूपेंद्रनं काढून ठेवलंय, खालचे बाक मिळालेत. घ्यायला उधना स्टेशनवर मी स्वतः येणार. देव बळजबरी करत नाही, हे अगदी खरं. पण मी कुठे देव आहे?