नववी चूक

मंगळवार, ११ जून

चि. मुंगी,

अनेक आशीर्वाद. मामा-मामींना माझा नमस्कार सांग. मामांचा गुडघा कसा आहे ते कळव. इथे सगळं ठीक आहे. खोलीतला नळ अखेर दुरुस्त झाला.

फोन केला नाही, कारण फोनवर तू लगेच "जाऊ दे ना ताई" म्हणतेस आणि मी लगेच जाऊ देते. म्हणून लिहिते आहे. आधी जे झालं ते क्रमानं मांडते.

१. मे महिन्याच्या सुरुवातीला तू मला विचारलंस, "कॉलेजला अकाउंट्स घेऊ का? मला ते खरंच जमेल, की बाबा करतात म्हणून जमेलसं वाटतं?"

२. मी म्हणाले, वाटण्यावर जाऊ नकोस, तपासून बघू.

३. मी तुझ्यासाठी एक परीक्षा तयार केली. सायकल दुरुस्तीचं एक खोटं दुकान, त्याच्या एका महिन्याच्या एकेचाळीस पावत्या आणि एक नोंदवही. वहीत मी मुद्दाम आठ चुका घातल्या. वेळ दोन तास.

४. रविवारी, १९ मे रोजी, तू ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर सोडवलीस. एक तास चाळीस मिनिटं लागली. तू नऊ चुका काढल्यास.

५. मी म्हणाले, आठ बरोबर आहेत, नववी चूक नाही.

६. शुक्रवारी, २४ मे रोजी, तू फॉर्मवर पहिली पसंती म्हणून व्यवस्थापन भरलंस.

७. नववी चूक खरी होती. ती माझ्या हातून झाली होती. हे मला नंतर कळलं.

एवढंच लिहून पाकीट बंद करता आलं असतं. काल केलंही होतं. आज सकाळी ते फोडलं.

चूक कोणती, ते तुला आठवत असेलच, तरी लिहिते. दुकानाच्या भाड्याची पावती मी माझ्या खोलीच्या पावतीवरून उतरवली होती. माझी घरमालकीण भाडं आगाऊ घेते. पैसे या महिन्यात दिले, पण पावतीवर महिना पुढचा. मी ती रक्कम सरळ या महिन्याच्या खर्चात टाकली. बेरीज जुळली, मी पुढे गेले. तू त्या ओळीवर बोट ठेवून म्हणालीस, "ताई, पैसे या महिन्यात गेले हे बरोबर. पण भाडं तर पुढच्या महिन्याचं आहे. मग हा खर्च कुठल्या महिन्याचा?"

तुला हे कोणी शिकवलेलं नव्हतं. मी मागून विचारलं, तुमच्या बारावीच्या बाईंनी तो धडा घाईत उरकला होता आणि त्या आठवड्यात तुला ताप होता.

आता वरच्या क्रमांक सातकडे पाहा. "नंतर" या शब्दावर मी एक आडवी रेघ मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. बाबा सांगतात तसं: खोडायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. मला नंतर कळलं नाही. तू बोट ठेवलंस तेव्हाच कळलं. मला माझ्या घरमालकिणीची पावती डोळ्यांसमोर दिसली. मग मी बोलले. मध्ये चार-पाच सेकंद गेले असतील, आणि तेवढ्या वेळात मी विचार करून ठरवलं.

तुझी पेन्सिल कानावर होती. बाबा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. त्यांनी विचारलं, "काय ग, किती निघाल्या?"

तू म्हणालीस, "नऊ."

मी म्हणाले, "आठ. नववी हिच्या डोक्यातली आहे."

"अगं पण ताई, पावतीवर लिहिलंय."

"मुंगे, परीक्षा मी काढली आहे. चुका किती हे मला माहीत असणार की तुला?"

आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "एवढी हुशारी बरी नव्हे, बाई. एक जास्तच काढून ठेवली." तू हसलीस. मग मी ते वाक्य बोलले, थोडं मोठ्यानं, बाबांना ऐकू जावं म्हणून: ज्याला नसलेल्या चुका दिसतात, त्यानं या कामात पडू नये, तो स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही. बाबांनी पान उलटलं. तू पेन्सिल कानावरून काढून डब्यात ठेवलीस.

मला बरं वाटलं. किती वेळ, तेही सांगते. बसस्टॉपपर्यंत.

मी काय काम करते हे तुला माहीत आहे. दुकानांचे, दवाखान्यांचे वजनकाटे आमच्या प्रयोगशाळेत येतात आणि मी प्रमाणित वजनं ठेवून ते तपासते. आमच्याकडे पहिला नियम असा: काटा चुकला असं लिहिण्याआधी आपलं वजन तपासा. हा नियम मी नव्या मुलींना शिकवते.

त्या बुधवारी, २२ तारखेला, मी तुझा कागद घेऊन आमच्या हिशेबाच्या बाईंकडे गेले. त्या आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत बसतात आणि सगळे त्यांना वचकून असतात, कारण त्या प्रवासखर्चाच्या बिलावर "हे कशासाठी?" एवढंच लिहून परत पाठवतात. मी सांगितलं, एका मैत्रिणीच्या बहिणीचा आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून वाचला.

"ही भाड्याची ओळ हिनं आपणहून काढली?"

"हो."

"शिकलीय किती?"

"बारावी."

"परीक्षा कुठल्या गाढवानं काढली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओळखलं असावं, कारण आवाज जरा खाली आणला. म्हणाल्या, "हे बघ, बेरीज जमणारे पुष्कळ असतात. आता तर ते मशीनच करतं. मला माणूस घ्यायचा असला की मी एकच बघते. जुळलेली बेरीज पाहून याला बरं वाटतं, की शंका येते? शंका येत असेल तर हे काम त्याचं."

"आणि बरं वाटत असेल तर?"

"तर त्यानं वजनकाटे तपासावेत," त्या म्हणाल्या आणि हसल्या. वाईट हेतू नव्हता.

तारखा पुन्हा पाहा. मी बाईंकडे गेले बुधवारी. तू फॉर्म भरलास शुक्रवारी. मधल्या गुरुवारी मी दवाखान्याचे दोन काटे तपासले, केस धुतले आणि लवकर झोपले. फोन जवळच होता.

तुला आता वाटेल, ताईनं असं का केलं. एवढ्या लांबचं सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय हिशोब पूर्ण होत नाही.

बाबा रविवारी दुकानांच्या वह्या घरी आणतात आणि दोघांनी मिळून तपासतात. एकानं पावती मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं वहीत खूण करायची. अकरा वर्षांची असल्यापासून मी वाचत होते. सहा वर्षं, दर रविवारी, तीन-तीन तास. खूण बाबा करायचे. एकदा मी म्हणाले, आज मी खूण करते. ते म्हणाले, "तू वाच. तुझं वाचणं फार स्वच्छ आहे." मला ते कौतुक वाटलं. पुढे कळलं, वाचायला कोणीही चालतं. डोकं खूण करणाऱ्याचं लागतं.

तू दहा वर्षांची झालीस त्या महिन्यात बाबांनी पेन्सिल तुझ्या हातात दिली आणि मला म्हणाले, वाच. मी वाचत होते. तू खुर्चीवर पाय घेऊन बसली होतीस. विसाव्या-पंचविसाव्या पावतीला तू म्हणालीस, "थांब ताई, हा माणूस मघाशी पण येऊन गेला." बिल दोनदा चढलं होतं, वेगळ्या तारखेनं. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि मलाही त्या वर्षी फॉर्म भरायचा होता. मी अकाउंट्स भरणार होते. तोवर घरात कोणाला सांगितलं नव्हतं, पुढेही सांगितलं नाही. तुला पहिल्यांदाच सांगते आहे. मी उपकरणं आणि मापन भरलं. मला यंत्रं आवडतात असं मी सगळ्यांना सांगते. ते आता खरं आहे. तेव्हा नव्हतं.

तुझा राग आला नाही, मुंगी. राग असता तर भांडून संपला असता. तुझ्यावर माझं प्रेम आहे आणि तुझं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. दोन्ही एकाच वेळी असतं. तुला वाटेल हे फक्त हिशोबापुरतं आहे. तसंही नाही. लोक तुला आपणहून सांगतात. दुकानदार बाबांपासून लपवलेली बिलं तुझ्यापुढे काढून ठेवतात, कारण तू "काका, अजून एखादं असेल बघा ना खिशात" असं म्हणतेस. मी तेच विचारलं तर त्यांना झडती घेतल्यासारखं वाटतं.

आता परवाचं. तू मामांकडे गेल्यावर आईनं फोन केला. म्हणाली, तू फॉर्म भरल्यापासून रविवारच्या वह्यांना हात लावत नाहीस, बाबा एकटेच बसतात, डावं बोट पावतीवर आणि उजवं वहीवर. मग म्हणाली, "पण तुझा शब्द तिनं किती मानला बघ." नंतर बाबांनी फोन घेतला. "रविवारी येतेस का? मी वाचतो. पेन्सिल तू घे."

मी गेले. पहिली बस पकडून गेले.

बाबा वाचत होते, मी खुणा करत होते. अडीच तासांत एकही ओळ सुटली नाही. शेवटी बेरीज जुळली. मी वही मिटली. बाबांनी विचारलं, "काही वाटलं?"

"सगळं जुळलं, बाबा."

"हं," ते म्हणाले. मी चहाचे कप धुवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून उघडली होती. मला पाहून मिटली. कप चांगले धुतले का, असं काहीतरी विचारलं.

म्हणून हे पत्र. माझं मन मोठं झालं म्हणून लिहिलं असं समजू नकोस. तुझी जागा रिकामी करून मी तिथे बसून पाहिलं, आणि ती माझी नव्हती.

तू अकाउंट्स घे, असं मी लिहीत नाही. माझं मत आता धरण्यासारखं राहिलेलं नाही. पण मी पाहिलेलं तुला द्यायला हवं. परीक्षेच्या दुसऱ्या तासात तू समासात मासे काढलेस, एकूण सहा. शोधायला काही असलं की तू हलत नाहीस, नुसत्या नोंदी असल्या की कंटाळतेस. बाई म्हणतात, पहिली दोन वर्षं बहुतेक नोंदीच असतात, आणि पुढे निम्मं काम म्हणजे लोकांच्या मागे लागणं. नोंदीचा कंटाळा सोसवेल का, हे तू ठरव. मागे लागणं तुला जमतं, ते मी पाहिलेलं आहे. व्यवस्थापन तुला खरंच हवं असेल तर तेच ठेव. फक्त, तुला नसलेली चूक दिसली म्हणून ते ठेवू नकोस. तसं काही झालं नाही.

तुझा कागद सोबत पाठवते आहे. मी मारलेली फुली आहे तशीच आहे, तिच्यावर रेघ ओढून सही केली आहे. बाईंचा फोन नंबर मागे लिहिला आहे. त्या म्हणाल्या, मुलीला कधीही फोन करू दे, मैत्रिणीच्या बहिणीला.

फॉर्म मंगळवारी, १८ तारखेला, रात्री बंद होतो. मामांच्या कॉम्प्युटरवरून पसंती बदलता येते, मी तपासलं. ही तारीख मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे. हे पत्र मी तीनदा पुढे ढकललं. कामाचं कारण होतं, पण काम नव्हतं. मी ती तारीख उलटून जायची वाट पाहत होते.

बाबांना अजून काही सांगितलेलं नाही. मी सांगावं की तू सांगणार आहेस, ते तू ठरव. तू सोमवारपर्यंत मेसेजही केला नाहीस तर मी सांगेन.

पोटातलं दुखणं गेलेलं नाही. तू अकाउंट्सला गेलीस आणि बाबा फोनवर तुझ्याबद्दल बोलायला लागले की ते पुन्हा येईल. मी लिहिलेलं वाचताना तेवढं वजा करून वाच.

सोमवारी, १७ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर पाठव.

तुझी,
ताई