हात न लावता

प्रिय राखी,

जबलपुरात थंडी पडली आहे, मटार स्वस्त झालाय आणि बाबा माझ्यावर रुसलेत. तू मजेत असशीलच. तू नेहमीच असतेस.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हापासून त्यांची अंघोळ, औषधं, मऊ भात, सगळं मी शाळेची नोकरी सांभाळून करते. पण व्यायाम करून घ्यायला येणारा पियूष "चलिए दादाजी" म्हणाला, की मी त्यांना काखेत हात घालून घट्ट धरते आणि ते बसकण मारतात. काल तर खेकसलेच, "काहून धरून राहिली? सोड!"

दिवाळीत तू चार दिवस आलीस. ना औषधाचा चमचा उचललास, ना भांडं. अंगणात त्यांच्यासमोर हातभर अंतरावर नुसती उभी राहिलीस, आणि बाबा खाटेपासून नळापर्यंत चालत गेले! सगळ्या मोहल्ल्यात तुझं कौतुक. माझा नुसता जळफळाट झाला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय!

पियूषच्या व्यायामाच्या कागदावर 'असिस्ट' असा शब्द असतो. मी इतकी वर्षं मुलांना त्याचा अर्थ 'मदत करणे' एवढाच शिकवला. परवा चिडून शब्दकोश काढला. शब्द मूळचा लॅटिन, अर्थ जवळ उभं राहणं. पूर्वी इंग्रजीतही नुसतं हजर असण्याला तोच शब्द वापरत. मेला शब्दकोशही तुझ्याच बाजूचा निघाला.

मग भेडाघाटचं बाबांचं मूर्तींचं दुकान आठवलं. बाबांची छिन्नी चालू असताना त्यांच्या हाताला कुणी शिवायचं नाही, हा नियम. धक्का लागला तर बुद्धाचं नाकच जायचं. तू तिथे समोर उभी असायचीस, संगमरवराच्या धुळीने पांढरी होऊन. मला धूळ नको, म्हणून मी घरी अभ्यास करत बसायचे. पहिला नंबर माझा आला, पण बाबांच्या समोरची जागा तुझी झाली. ती मला अजून सलते.

आज पियूषने सांगितलं, आता चालले नाहीत तर पाय कायमचे जातील. बाबा सकाळपासून खाटेवर बसून फाटकाकडे बघतात. कुणाची वाट बघतात, ते माझ्याकडून वदवून घेऊ नकोस. फोनवर हे माझ्या तोंडून निघालंच नसतं, म्हणून लिहिते आहे. लगेच ये. त्यांच्यासमोर उभी राहा. आणि किती अंतरावर उभं राहायचं, आपले हात कुठे ठेवायचे, ते मलाही शिकव. पण बाबांच्या देखत नको.

तुझीच जळकुकडी ताई,
यशोधरा