मासा माझ्याशी बोलतो

३ जानेवारी
ही बहिणीकडे निघून गेली, त्याला महिना झाला. राग निवळला की येईलच. जाताना म्हणाली, निदान माझ्या गोल्डफिशकडे तरी लक्ष द्या. संकल्प: लक्ष द्यायचं. मासा असा टुणटुणीत दिसला पाहिजे की तिने तोंडात बोट घालावं.

५ जानेवारी
थंडी मरणाची. मी स्वेटरमध्ये आणि तो गार पाण्यात? टाकीत सोडायचा हीटर आणला. दुकानदार विचारत होता, मासा कुठला. म्हटलं, मी विज्ञान शिकवतो. त्याने हीटर बांधून दिला.

६ जानेवारी, सकाळी
कमाल! एरवी तळाशी पाठ फिरवून बसणारा मासा आज वर आला. तोंड उघडतो, मिटतो. चक्क बोलतो माझ्याशी. हिच्याशी कधी बोलला नव्हता.

९ जानेवारी
गप्पा रंगतात. शाळेतलं सगळं सांगतो त्याला. मधेच उठून जात नाही.

१० जानेवारी
बोलताना धापा टाकतो. पाण्यात हवा कमी पडत असणार. उपाय सोपा. गरम पाण्यात साखर जास्त विरघळते, म्हणजे हवाही विरघळणार. हीटर वाढवला.

११ जानेवारी
धापा वाढल्या. हीटर आणखी वाढवला.
संध्याकाळी हिचा फोन. चौकशी माशाचीच. ऐटीत सांगितलं, हीटर लावल्यापासून दिवसभर वर येऊन माझ्याशी बोलतो. ती म्हणाली, "अहो, तो बोलत नाहीये. जीव गुदमरतोय त्याचा. बंद करा ते आधी."
बंद केला. तिची चूक काढायला पाठ्यपुस्तक उघडलं. साखरेच्या पुढच्याच पानावर: वायूंचं उलट असतं, पाणी तापलं की ते निसटून जातात. शेजारी माझं अक्षर, 'घरी वाचणे'. दरवर्षी ते पान मुलांना घरी वाचायला देतो. मी घरी वाचलं नव्हतं.

१२ जानेवारी
पाणी गार. मासा ठणठणीत. तळाशी, पाठ फिरवून. हाका मारल्या, ढुंकून पाहिलं नाही.
रविवारी येते म्हणाली! शेवटी आलीच ना वळणावर.

१४ जानेवारी, रविवार
घर झाडलं. दोघांचा चहा टाकला. तिच्यादेखत मासा एकदा वर यावा असं फार वाटलं. हात हीटरच्या बटणापर्यंत गेला. मागे घेतला.
ती आली ती झाकणाची बरणी घेऊनच. मासा बरणीत घेतला, बसली नाही, गेली. दोन्ही कप मीच प्यायलो.
मग टाकीसमोर बसून शाळेतलं सांगायला लागलो. बरंच सांगून झाल्यावर लक्षात आलं, टाकी रिकामी आहे. फार एकटं वाटतंय.