रत्नागिरीत करण्याजोग्या पंधरा गोष्टी

९ जानेवारी २०२४

रत्नागिरी पाठवून दिली! पंधरा गोष्टी, चौदाशे शब्द. समुद्रकाठच्या शहरांवरचा हा माझा सतरावा लेख. समुद्र मी अजून पाहिलेला नाही.

पुण्याच्या वेबसाईटवाल्या केतकी मॅडम फोनवर शहराचं नाव सांगतात. मी इथं सिद्धेश्वरला, धरणाच्या गावात, ओट्यावर बसून नेटवर चार ठिकाणी वाचते आणि पाचव्या ठिकाणी लिहिते. मांडवीची काळी वाळू, पलीकडचा पांढरा समुद्र, थिबा राजाचा वाडा, माशाचं ताट – सगळं आलं. माशाची चव मात्र मी आपल्या धरणातल्या मरळीवरून ठोकून दिली.

मॅडम म्हणाल्या होत्या, "कोरडं वाटतंय गं. स्वतः गेल्यासारखं लिही." मग नंबर अकरामध्ये भर घातली – 'पहाटे ओहोटीला खडकांवर लांबवर चालत जा. भरतीचं पाणी येण्याआधी भोंगा वाजतो, तो ऐकला की निवांत मागे फिरा.' मॅडम खूश! "बघ, आता जिवंत झालं." ही ओळ कुठे वाचली ते काही आठवत नाही. हातातून आपोआप उतरली.

१४ जानेवारी

बाबांना रिटायर होऊन दोन आठवडे झाले. एकतीस वर्षं धरणाच्या दरवाज्यांवर काढली – आधी भोंगा वाजवायचा, नदीतली माणसं, म्हशी बाहेर निघाल्या का बघायचं, मग दरवाजा उचलायचा. आता उचलायला काही नाही म्हणून घरातली भांडी उचलून इकडची तिकडे ठेवतात. रोज सकाळी जुन्या सवयीनं धरणावर चक्कर. नवीन माणूस कंटाळलाय. काल म्हणाला म्हणे, "सटवाजीमामा, तुमी रिटायर झालेत का मी?"

आईचं एकच – "तुमी घरात बसले की घर लहान दिसून राहिलं."

१९ जानेवारी

बाबांनी माझा रत्नागिरीचा लेख वाचला! पहिल्यांदाच. चष्मा नाकावर, मोबाईल हातभर लांब, ओठ हलवत. मी शेजारी उभी – निकाल लागायच्या दिवशी असते तशी.

शेवटी म्हणाले, "बराबर लिवलं. पण तू गेलतीस कवा?"

"नेटवर सगळं असतं बाबा."

"व्हय का. मंग आमाला काहून जावं लागतंय?"

पण संध्याकाळी औंढ्याला जाऊन त्यांनी त्या लेखाची प्रिंट काढून आणली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घातली. म्हणजे जाणार! खरं सांगते, माझं लिहिलेलं आजवर कुणी असं पिशवीत घालून जपलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

तारखेवरून घरात लोकसभा. आईला पौर्णिमेलाच समुद्र बघायचाय. चोवीसची माघ पौर्णिमा – सकाळी पाण्याकाठी वंदना म्हणायची, मग थिबा राजाचा वाडा. "राजा ब्रह्मदेशाचा असला म्हून काय झालं, बुद्धाचाच होता, आपलाच हाय." जणू राजानं चहाला बोलावलंय!

२० फेब्रुवारी

गेले. हिंगोलीहून कोल्हापूरची रेल्वे, पुढे एसटी. आईनं दोन दिवसांच्या प्रवासाला पंधरा दिवसांच्या भाकरी घेतल्या, ठेचा वेगळा. बाबांच्या खिशाला लाल पेन. मी विचारलं कशाला. "तपासणी करायची तुझी."

मलाही जावंसं वाटत होतं. पण सतरा लेख लिहिणाऱ्या बाईनं "मलाही न्या" कोणत्या तोंडानं म्हणायचं?

२२ फेब्रुवारी

फोन. तपासणी जोरात!

"नंबर एक बराबर. नंबर चारला तू दहा मिनिटं लिवलं, तुझी आई पाऊण तास चालून राहिली. नंबर सात – मासा मरळीवानी अजिबात न्हाई."

समुद्र कसा आहे विचारलं. म्हणाले, "पोरी, याला पलीकडची भिंतच न्हाई गं."

एवढं एक वाक्य माझ्या सतरा लेखांत नाही. जळले जरा.

२३ फेब्रुवारी

दुपारी मॅडमनी लेखाखालची कुणाची तरी प्रतिक्रिया पाठवली. 'आम्ही इथलेच. भरतीला इथे कुठलाही भोंगा वाजत नाही. समुद्र सांगून येत नाही. लिहिणारी बाई कधी इथे आली आहे का?'

भोंगा धरणाचा! माझ्या आयुष्यात पाणी कधी भोंग्याशिवाय आलंच नाही. पाळण्यात असल्यापासून आधी भोंगा, मग पाणी. समुद्रालाही कुणी सटवाजी नेमलेला असणार, असंच मी धरून चालले. मूर्ख!

मग शोधत बसले. पौर्णिमेला उधाण असतं, पाणी सर्वात जास्त चढतं. म्हणजे उद्या. आणि आईबाबा उद्या पहाटे खडकांवर जाणार, हातात माझा कागद, आणि भोंग्यावर विश्वास ठेवणारा या जगात बाबांहून मोठा माणूस नाही.

बाबांचा फोन बंद. बॅटरी वाचवायला बंद ठेवतात, ही आणखी एक सवय. आईकडे फोनच नाही. मॅडमना म्हटलं, ती ओळ आत्ताच्या आत्ता काढा. "अगं, ते वेबसाईट सांभाळणारे लोक आता सोमवारी येतील. इतकं काय? एकोणीस हजार लोकांनी वाचलाय, छान चाललाय लेख."

वीस वेळा फोन लावला. बंद.

२४ फेब्रुवारी, सकाळ

लॉजचा नंबर मिळाला. तिथला माणूस म्हणाला, "ते काकाकाकू? पहाटेच गेले. हातात कागद होता." 

साडेआठ. बंद. 

सव्वानऊ. बंद. आज पाणी साडेअकरापर्यंत चढणार आहे. त्यांना काही झालं तर ते माझ्या हातानं झालं.

२४ फेब्रुवारी, दुपार

बारा दहाला फोन आला!! मी ओरडले, रडले, पुन्हा ओरडले. भोंगा खोटा आहे, बाबा, मी मनानं लिहिलं, खडकांवर जाऊ नका.

बाबा शांत. "अगं, समुद्राला कुठं दरवाजे असतेत? दरवाजे न्हाईत तर भोंगा कोन वाजवील? म्या तर घरीच त्या ओळीवर लाल काट मारली."

"मग बोलला काहून नाहीत?"

"तू इतकी खुशीत दाखवून राहिली होतीस. म्हटलं, जाऊ दे. लेकराचं मन काहून मोडावं."

म्हणजे महिनाभर हा माणूस मनातल्या मनात मला हसत होता! आणि मी काल रात्रभर अंथरुणात बसून काढली. आल्यावर त्यांना चांगलीच बोलणार आहे. लाल पेन आधी काढून घेणार. आवाज मात्र त्यांचा बसलेला वाटला. खारा वारा असेल.

आता दोन भाकरी खाल्ल्या, कालपासूनच्या पहिल्या.

२५ फेब्रुवारी

आज आईनं लॉजवरून फोन केला, बाबा आंघोळीला गेलेले पाहून. काल खडकांवर लातूरकडचं एक जोडपं होतं, बरोबर चार वर्षांची मुलगी. पाणी वळलं तसे बाबा काठावरून ओरडायला लागले. तो माणूस मोबाईल दाखवून हसला – "काका, भोंगा वाजतो की आधी, इथं लिहिलंय." बाबा कमरेएवढ्या पाण्यातून गेले आणि मुलीला खांद्यावर घेऊन आले. तिचे आईबापही मागोमाग बाहेर निघाले. तिघंही बरी आहेत.

ते लिहिणारी आपलीच मुलगी, हे बाबांनी त्यांना सांगितलं नाही. कालपासून जेवले नाहीत. आईजवळ एवढंच म्हणाले, "मला वाटलं, पोरीचं लिवलेलं आपुन दोघंच वाचतो."