पासपोर्टच्या फॉर्मवर माझ्या हरकती

१४ जानेवारी, मंगळवार
काल संध्याकाळी कर्स्टनचा फोन. बाळ होणार! मेच्या मध्यावर. मार्लिस फोन छातीशी धरून रडली. मी रडलो नाही, चष्मा पुसला. आमची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियाच्या पार तळाशी, होबार्टला. जावई कॅलम तिथलाच. म्हणाली, बाबा, बाळ येईल तेव्हा तुम्ही दोघंही मला इथे हवे आहात, नुसती आई नको. मी शब्द दिला. कॅलमनंतर बाळाला हातात घेणारा पहिला पुरुष मीच असणार, असंही सांगून टाकलं.

संकल्प: पोट कमी करणे, विमानातल्या खुर्च्या अरुंद असतात. आणि पासपोर्ट. माझा मार्चमध्ये संपतोय, मार्लिसचा त्याच्याही आधी. एक फॉर्म भरायचा की झालं. एकतीस वर्षं शाळा-खात्यात फॉर्म तयार करण्यात घालवलेल्या माणसाला फॉर्मचं काय मोठंसं!

१५ जानेवारी. दुपार
फॉर्म छापून आणला. शेवटी बारीक अक्षरांत: हा फॉर्म भरायला सरासरी चाळीस मिनिटं लागतात असा अंदाज आहे.

चाळीस! कुणी काढला हा अंदाज? कुठे बसून? मी केलेला सहलीचा परवानगी फॉर्म अर्ध्या पानाचा होता आणि त्याला पालक तीन दिवस लावत.

त्याखालीच लिहिलंय की या अंदाजाबद्दल काही म्हणायचं असल्यास अमुक पत्त्यावर कळवा. म्हणजे ते विचारताहेत. अख्ख्या देशात ही ओळ वाचलेला मी पहिलाच असणार.

१६ जानेवारी
पहिला नाही, पण वेळेवर आलेला आहे. सरकारी राजपत्रात बघितलं. पासपोर्ट खात्याने याच महिन्यात या फॉर्मवर जनतेच्या हरकती आणि सूचना मागवल्यात. माहिती खरोखर गरजेची आहे का? वेळेचा अंदाज बरोबर आहे का? लोकांचा त्रास कमी कसा करता येईल? मुदत साठ दिवस. कायदाच आहे तसा. सरकार हात जोडून विचारतंय आणि नागरिकाने मूग गिळून बसायचं?

घड्याळ लावून फॉर्म भरायला घेतला. जुना पासपोर्ट सापडेपर्यंत एक तास गेला. तो गळ आणि आमिषांच्या पेटीत होता. मित्र ड्वेनबरोबर कॅनडात मासे धरायला गेलो होतो तेव्हापासून तिथेच. मार्लिस म्हणाली, शोधाशोध कशाला धरतोस त्यात? मी तिला नियम वाचून दाखवला: माहिती शोधण्याचा वेळही धरायचा. ती म्हणाली, माहिती शोधण्याचा धरायचा, मासळीची पेटी शोधण्याचा नाही. बायकांना कायद्यातलं कळत नाही असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही.

१९ जानेवारी, रविवार
मोठा शोध लागला. फॉर्मच्या वरच्या कोपऱ्यात बारीक छापलंय: या फॉर्मची मुदत ३० एप्रिलला संपते. पासपोर्टची नव्हे, फॉर्मची! हरकती मागवल्यात त्या त्यासाठीच. मग मरायला टेकलेला फॉर्म कोण भरेल? मेमध्ये नवा येईल, सुटसुटीत, थोडाफार माझ्यामुळे. तोच भरीन. तोवर अभ्यास.

मार्लिसने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिचा फॉर्म भरला. बटाट्याचा हॉटडिश ओव्हनमध्ये टाकून बसली आणि त्याला वरून रंग यायच्या आत पाकीट चिकटवून मोकळी. किती मिनिटं लागली ते मी पाहिलं होतं, पण नोंदवत नाही. एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नसतं.

३ फेब्रुवारी
हरकतींचा मसुदा नऊ पानांवर. फोटो या विषयालाच अडीच पानं लागली. (औषधाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, हसू नका. मी हसत नव्हतो. माझा चेहराच तसा आहे. तीनदा काढला.)

पोट: जैसे थे.

१६ फेब्रुवारी, रविवार
चर्चनंतर तळघरात कॉफी. ड्वेनला मसुदा दाखवला. आता चौदा पानं. पहिलं पान वाचून म्हणाला, अरे ऑरिन, हे सगळं पासपोर्टबद्दल आहे होय? मला वाटलं तुझ्या मृत्युपत्राचं काहीतरी आहे. मग म्हणाला, फॉर्म भर, पोस्टात टाक आणि चल, तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरू. मी त्याला नागरिकाचं कर्तव्य समजावून सांगितलं. त्याने माझ्याच बशीतला लेमन बार उचलला आणि खुर्ची हलवून पलीकडे बसला.

माणसं वयाबरोबर चिडखोर होतात.

४ मार्च
मार्लिसचा पासपोर्ट आला. इतक्या लवकर! हे चांगलं लक्षण नाही. घाईत केलेलं काम.

तिने विचारलं, तिकिटं दोन काढू की एक? मी म्हटलं, माझं नवा फॉर्म आल्यावर. ती म्हणाली, बाळ तुझ्या फॉर्मसाठी थांबणार आहे का? मी शांतपणे सांगितलं की फॉर्म मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, जादा पैसे भरले की पासपोर्ट झटपट मिळतो आणि पहिलटकरणींना नेहमी उशीरच होतो. ही शेवटची माहिती तिनेच मला कर्स्टनच्या वेळी दिली होती. ती एकटक माझ्याकडे बघत राहिली. एकच तिकीट काढलं.

माझं नंतर काढता येईल. फार तर शेजारची जागा मिळणार नाही, एवढंच.

१७ मार्च, सोमवार. रात्री
पाठवल्या हरकती! एकोणीस पानं, दोन तक्ते. शेवटच्या दिवशी पाठवल्या, म्हणजे इतरांच्या हरकती वाचूनच लिहिल्या असं दिसावं. पावतीचा क्रमांकही आला.

मग खात्याच्या पानावर बाकीच्यांच्या हरकती वाचायला गेलो. एकूण आलेल्या हरकती: एक.

म्हणजे बाकीच्या जनतेने ही जबाबदारी माझ्यावर सोपवलेली दिसते. जरा वेळ बसूनच राहिलो. दडपण येतं हो अशा वेळी.

ता.क. माझा पासपोर्ट परवाच संपला. हरकत नाही.

१ एप्रिल
राजपत्रात दुसरी सूचना. प्रकरण आता वरच्या कार्यालयाकडे तपासणीला, पुन्हा तीस दिवस हरकती घेणार. मला वाटलं होतं एका फेरीत सोक्षमोक्ष लागेल. पण एकोणीस पानं वाचायची तर वेळ लागणारच. घाईघाईने उरकतायत म्हणून मीच ओरडलो असतो.

कर्स्टनचा फोन. बाबा, तू येतोयस ना? मी प्रक्रिया समजावून सांगितली. साठ दिवस, मग तीस दिवस, मग वरचं कार्यालय. मध्येच फोनवर कॅलम आला. म्हणाला, टेन्शन नका घेऊ, ऑरिन. समजूतदार मुलगा. प्रक्रिया त्याला चटकन कळली. मागे कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज येत होता. होबार्टला आता थंडी सुरू होत असेल.

१२ एप्रिल
घरात वातावरण तंग.

सकाळी कॉफीच्या कपाशेजारी माझा फॉर्म. पूर्ण भरलेला. मार्लिसच्या गोल अक्षरात माझं नाव, जन्मगाव, उंची, डोळ्यांचा रंग (निळा लिहिलाय, मी राखाडी लिहिला असता). न हसलेला फोटो चार पिनांनी टोचलेला. झटपट कामाचे जादा पैसे भरण्याचा चेकसुद्धा. फक्त सही करायची होती. पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं.

मी तिला सांगितलं की ही अठरा दिवसांत बाद होणारी आवृत्ती आहे. शिवाय सहीच्या वर लिहिलंय की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि डोळ्यांच्या बाबतीत तो नाही. तिने कागद उचलला, पेनाचं टोपण लावलं, बागेत गेली. बागेत अजून बर्फ आहे. करण्यासारखं काही नाही तिथे.

सही केली असती तर? असा विचार आला. पण मग एकोणीस पानांना अर्थ काय राहिला असता? स्वतःच्याच हरकतीविरुद्ध स्वतःच पुरावा दिल्यासारखं झालं असतं.

१ मे, गुरुवार. सकाळी ६
आज नवा फॉर्म. बाराच्या ठोक्याला बघायचं ठरवलं होतं, पण डोळा लागला.

सकाळी ६.२०
तोच फॉर्म! कोपऱ्यातली तारीख तेवढी बदललीय. ३० एप्रिलचं ३१ मे केलंय. बस्स. चाळीस मिनिटं जिथल्या तिथे. फोटो, पिना, सगळं जिथल्या तिथे. डोक्याला हात लावला.

सकाळी ११
खात्याला फोन. बराच वेळ नुसतं संगीत वाजत होतं. मग एक बाई, दक्षिणेकडची, आवाज मधाळ. म्हणाली, साहेब, तपासणी चालू असेपर्यंत जुनाच फॉर्म चालतो. एकेक महिना मुदत वाढवतो आम्ही. नेहमीची पद्धत आहे. नेहमीची! मी विचारलं, आलेली हरकत कुणी वाचली का? ती म्हणाली, ते मला नाही सांगता येणार, पण तुम्हाला पासपोर्ट हवाय का? प्रवास कधी आहे? लगेच जायचं असेल तर मी आत्ता मिनिआपोलिसला भेटीची वेळ मिळवून देते, सोमवारची. फॉर्म घेऊन या, काम होऊन जाईल.

मी म्हटलं, प्रश्न माझ्या पासपोर्टचा नाही, तत्त्वाचा आहे. ती म्हणाली, बरं साहेब, दिवस छान जावो.

मार्लिस दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक.

९ मे, शुक्रवार
मार्लिसला विमानतळावर सोडलं. चांगला कोट घातला होता तिने, ईस्टरचा. जाताना पूर्ण रस्ता मीच बोलत होतो, मुख्यतः राजपत्राबद्दल. तपासणीच्या रांगेपाशी ती म्हणाली, फ्रीझरमध्ये चार हॉटडिश आहेत, चिकनचा आधी संपव. मग म्हणाली, ऑरिन, तुला यायचं नव्हतं तर तसं सांगायचं होतंस, मी इतके दिवस वाट बघितली नसती.

मी म्हटलं, यायचं होतं गं. खरंच यायचं होतं मला. तेवढ्यात रांग पुढे सरकली.

परत येताना दोनदा गाडी बाजूला घ्यावी लागली. या दिवसांत झाडांचा पराग फार असतो, डोळ्यांत जातो.

१५ मे. दुपारी ३
मुलगी झाली! सिग्ने नाव ठेवलंय. फोनच्या पडद्यावर दिसली. लालबुंद, मुठी आवळलेल्या, कपाळावर आठ्या. कुणावर गेलीय ते मार्लिस बोलली नाही, पण हसली. बाळ मार्लिसच्या हातात होतं. मागे कॅलमचे वडील उभे होते. त्यांचं तिला आधीच घेऊन झालं होतं म्हणे.

मार्लिस म्हणाली, बोल ना काहीतरी तिच्याशी. मी म्हटलं, हॅलो, मी ऑरिन. पडदा गोठला. माझंच नाक त्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात दिसत राहिलं.

चिकनचा हॉटडिश संपला. कर्स्टनच्या वेळी मार्लिसला एकवीस तास लागले होते आणि मी सगळा वेळ बाहेर बाकावर होतो. तेव्हा निदान बाकावर तरी होतो.

३ जून, मंगळवार
निकाल लागला. खात्याने लिहिलंय: जनतेकडून एक हरकत प्राप्त झाली. तिच्यातील मजकूर प्रामुख्याने हरकतदाराच्या घरातील वस्तूंच्या शोधाविषयी असल्याने प्रस्तुत फॉर्मशी संबंधित आढळला नाही. कोणताही बदल केलेला नाही.

सोबत नवी आवृत्ती. अंदाज: चाळीस मिनिटं. पुढची मुदत तीन वर्षांनी.

पहिल्यांदा राग आला. प्रत्युत्तर लिहायला बसलो. मथळा लिहिला, पुढे काही लिहावंसं वाटेना. घरात इतकी शांतता असते हे मला माहीत नव्हतं. मार्लिस गुरुवारी परततेय.

मग फॉर्म भरायला घेतला. घड्याळ लावलं नाही. डोळे निळे लिहिले. कॉफी गरम होती तोवर झालासुद्धा. एकच रकाना उरला: प्रवासाची तारीख आणि देश. तिथे मात्र पेन अडलं. कॉफी गार झाली.

कर्स्टनला फोन लावला. तिकडे सकाळ, बाळ रडत होतं. विचारलं, कर्स्टन, कोणती तारीख टाकू? ती म्हणाली, बाबा, आता आई परत येतेय, आम्हाला इथे जरा एकट्याने राहायची सवय होऊ दे. मग सप्टेंबरात कॅलमची बहीण येतेय, नंतर त्याची आजी. मी म्हटलं, मला आधीच यायला हवं होतं, चुकलंच माझं. तिने बाळाला उचललं असावं. रडणं थांबलं. मग म्हणाली, तो रकाना कोरा ठेव, बाबा.

ठेवला.