देण्याची तारीख : उद्या

दादा यांस,

साष्टांग नाही, पण कंबर परवानगी देईल तेवढा वाकून नमस्कार. आपली व वहिनींची प्रकृती ठीक असेलच, कारण बिघडली असती तर तुमच्या बहिणीला तासाभरात कळलं असतं आणि मला जेवताना. इकडे सर्व क्षेम. बाबांचा उजवा हात अजून थरथरतो, पण स्क्रूड्रायव्हर धरला की थांबतो. डॉक्टरांना याचं नवल वाटतं, बाबांना डॉक्टरांचं.

तुम्ही कळवल्याप्रमाणे बाबांचं दुरुस्तीचं दुकान विकायच्या तयारीला लागलो. घेणाऱ्या पंखेवाल्यांची अट एकच, गिऱ्हाइकांची सगळी माहिती त्यांच्या कॉम्प्युटरवर चालली पाहिजे, आणि त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम निराळी. तुम्ही कॉलेजात असताना दुकानासाठी लिहिलेला प्रोग्राम तिथे उघडायलाच तयार नाही. तेव्हा सगळा डेटाबेस इकडून तिकडे न्यायचं काम भूगोल शिकवणाऱ्या जावयाच्या गळ्यात पडलं. (तुमची बहीण म्हणाली, "नकाशे काढता ना, मग यात काय अवघड आहे?") नावं, पत्ते, फोन नंबर सुखरूप पोचले. घोडं अडलं ते ‘देण्याची तारीख’ या रकान्यापाशी. नव्या प्रोग्रामला तिथे खरीखुरी तारीख लागते. तुमच्याला काहीही चालायचं (लिहिणाराही तेव्हा तसाच होता, असं तुमची बहीण म्हणते), आणि बाबांनी आजवर प्रत्येक मिक्सर, इस्त्री आणि हीटरसमोर एकच शब्द टाइप केला होता, ‘उद्या’.

मी नव्या प्रोग्रामला सांगून ठेवलं, की ‘उद्या’ दिसलं की उद्याची तारीख घे. भाषेच्या दृष्टीने यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण हा प्रोग्राम भलताच तत्पर. देण्याच्या आदल्या दिवशी तो गिऱ्हाइकाच्या फोनवर आपणहून निरोप धाडतो. मी चहा पिऊन येईपर्यंत अर्ध्या गावाला ‘आपली वस्तू उद्या तयार आहे’ असं कळून चुकलं होतं.

सकाळी दुकानापुढे ही रांग. एका बाईंनी लग्नात मिळालेला मिक्सर दुरुस्तीला टाकला होता, त्या आता लेकीच्या लग्नाची खरेदी आटोपून आल्या होत्या. निवृत्त पोस्टमास्तरांना आपण काय दिलं होतं तेच आठवेना, ते म्हणाले, "जे असेल ते द्या." मी मार खायच्या तयारीने बाबांच्या मागे उभा राहिलो (ते पुढे होते हे नमूद करतो). बाबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "उद्या म्हटलं होतं ना? मग या उद्या." आणि मला माळ्याला लावायला शिडी आणायला पाठवलं.

तेव्हापासून माळ्यावरून एकेक वस्तू खाली येते, उघडली जाते आणि चालू होऊन घरी जाते. बाबांना जेवायला दोनदा हाक मारावी लागते. पंखेवाले कराराचे कागद घेऊन आले, तर बाबांनी त्यांना एका टेबलफॅनची जाळी धरायला लावली. धरता धरता त्यांनी विचारलं, दुकानाची किल्ली कधी मिळेल? बाबांनी काय उत्तर दिलं ते तुम्ही ओळखलंच असेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
भूगोलवाला भावोजी

ता. क. रविवारी तुम्ही गाडी घेऊन बाबांना कायमचं न्यायला येणार आहात. या जरूर, पण न्यायला नको. येताना मिक्सरच्या मोटरचे कार्बन ब्रश मात्र आणा. जुन्या मॉडेलचे इथे मिळत नाहीत. सोबत एक झिजलेला मापाला पाठवला आहे.

आणखी एक. माळा खरं तर मागच्या आठवड्यातच रिकामा झाला. दोन दिवस बाबा खुर्चीत नुसते बसून होते, मला ते बघवेना. पहिल्यांदा निरोप गेले ती चूक होती. परवा ‘घरात काही बिघडलं असेल तर आणा, उद्या देतो’ असे जे सगळ्यांना गेले, ते मी पाठवले. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. बाबांना यातलं काही बोलू नका. ते समजतात की यंत्र पुन्हा बिघडलं आणि जावयाला अजून जमत नाही. मला शिव्या घालत मोठ्या आनंदात काम चाललं आहे.