मालकांगणीचे अकरा दिवस

३ नोव्हेंबर
सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात रुजू झालो आणि जवळच्याच खेड्यात झकास खोली मिळाली. घरमालकीण गोकुळाबाई, सत्तरीच्या, एकट्या. आल्याआल्या झिंग्याचं कालवण-भात वाढला. भांडी घासून होताच पुन्हा विचारलं, बाबू, जेवला का तू? मी दुसऱ्यांदाही जेवलो. मजा आहे आपली.

४ नोव्हेंबर
शेजारच्या मंगलीबाईंनी सांगितलं, बाईंचा मुलगा निकेश चार वर्षांपूर्वी घरामागच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, मासे धरताना बुडाला. बाईंना ते आठवतच नाही. दिवेलागणीला ओसरीवर त्याचं ताट वाढून आत जातात. थोड्या वेळाने ताट साफ, ओसरी ओली. कुत्रं असणार.

५ नोव्हेंबर
माझी आईही अशीच विसरत गेली. ट्रेनिंगचं निमित्त काढून मी घरी जायचं टाळलं. शेवटी तिने मला ओळखलंच नाही. ते अजून सलतं.

मोबाईलवर पाहिलं: मालकांगणीचं तेल, दुधातून दोन थेंब, अकरा दिवसांत आठवण परत. बी इथल्याच जंगलातलं. बाजारातून तेल आणलं. मंगलीबाई चिडल्या. म्हणाल्या, म्हातारी इसरली म्हणून जगून राह्यली, तू काऊन मंधात पडतं? मी हसलो. शिकलेला माणूस ना मी.

१० नोव्हेंबर
केंद्रात धानाच्या वाणांची ठेवतो तशी वही ठेवलीय. रोज सकाळी तेल आणि एकच प्रश्न: बाई, निकेश कुठी आहे? उत्तर ठरलेलं: मासे धराले गेला. मी फुली मारतो. आजची पाचवी.

१६ नोव्हेंबर
अकरावा दिवस. प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, निकेश तं मेला ना, बाबू. बोडीत.

मी वहीत बरोबरची खूण केली. मग त्यांचं रडणं ऐकू आलं. आधी खूण केली मी.

१७ नोव्हेंबर
बाईंनी ताट वाढलं नाही. दार लावून बसल्या. दिवेलागणीला ओसरीवर ओली पावलं उमटली. कुत्र्याची नव्हेत.

१९ नोव्हेंबर
तेल बंद केलं. म्हटलं, बाई, निकेश मासे धराले गेला, येईल. म्हणाल्या, खोटं नको बोलू. अन्नाला शिवत नाहीत. तेलाने काही झालंच नसेल — मीच रोज विचारून विचारून —

बाहेर रिकामं ताट कोणीतरी सरकवतंय.

२१ नोव्हेंबर
गोकुळाबाई गेल्या. मंगलीबाईंनी मला पाहून दार लावून घेतलं.

२२ नोव्हेंबर
आज मीच ताट वाढलं. भात, झिंगे. तसंच राहिलं. पावलं माझ्या दारापर्यंत —

२३ नोव्हेंबर
अजून उजेड आहे. तरी तो दारात उभा आहे. बोडीच्या गाळाचा वास. त्याला ठाऊकच नाही तो कधी — आईने ताट वाढलं की जेवायचा, एवढंच —

काल त्याने विचारलं. आताही विचारून राह्यला. एकच प्रश्न, माझ्या वहीतल्यासारखा. बाबू, माही माय कुठी आहे?

सांगितलं तर त्यालाही सगळं आठवेल — आणि नाही सांगितलं तर उद्या पुन्हा —

आत येतोय. निकेशभाऊ, तुही माय — मीच तिले —